पाचोळा कुजतो, पन्नी उरते: प्लॅस्टिकभक्षी जिवाणूंचा आढावा

प्लॅस्टिकची लांब रासायनिक साखळी तोडून तिच्या तुकड्यांवर जगू शकणाऱ्या सूक्ष्मजीवांना प्लॅस्टिकभक्षी म्हणतात. जिवाणूला तोंड नसते आणि पोटही नसते. तो आपली विकरे, म्हणजे एन्झाइम, पेशीबाहेर सोडतो. विकरे प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला चिकटून साखळीचे दुवे कापतात आणि पाण्यात विरघळलेले बारीक तुकडे मग पेशीत शोषले जातात. पचन आधी होते, गिळणे नंतर. या उलट्या क्रमामुळेच हा विषय जिवाणूंपेक्षा विकरांचा अधिक आहे, आणि धोक्यांचा विचार करतानाही हा फरक महत्त्वाचा ठरतो.

भोपाळच्या शिवाजी नगरात सरकारी क्वार्टरांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला जुनी, मोठी झाडे आहेत. जून २०२४ मध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांसाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगर इथली सुमारे २९ हजार झाडे तोडण्याची योजना पुढे आली, तेव्हा रहिवासी त्या झाडांसाठी रस्त्यावर उतरले आणि योजना मागे घेतली गेली. अशा झाडांखाली उन्हाळ्यात साचलेला पाचोळा पावसाळा सरेपर्यंत काळपट, मऊ, बोटांनी चुरगळता येईल असा होतो. त्याच ढिगात दबलेली दुधाची पिशवी बाहेर काढून धुतली तर तिच्यावरची छपाई वाचता येते. भोपाळात जिला सर्रास पन्नी म्हणतात, ती पॉलिथिनची पातळ पिशवी वाऱ्याने उडते, पावसाने नाल्यात जाते आणि नाल्यातून पुढे बेतवा, यमुना, गंगा अशा वाटेला लागते. पण कुजत नाही. पान आणि पन्नी यांच्यातला हा फरक दोन साखळ्यांच्या बांधणीतला आहे.

पानावर पाणी निथळते ते त्याच्या वरच्या मेणचट आवरणामुळे. या आवरणातला मुख्य पदार्थ क्युटिन. क्युटिनच्या साखळीत ठरावीक अंतराने एस्टर नावाचे दुवे असतात आणि पाण्याच्या मदतीने हा दुवा उलगडता येतो. कोट्यवधी वर्षांपासून बुरशी आणि जिवाणू क्युटिन कापत आले आहेत. त्या कामाच्या विकराला क्युटिनेज म्हणतात. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट किंवा थोडक्यात पेट, हेही एस्टरच्याच दुव्यांनी जोडलेले असते. पॉलिस्टरची साडी आणि बाटली रसायनाच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी. पॉलिथिनची गोष्ट वेगळी. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन, थर्माकोल यांचा कणा कार्बनला कार्बन जोडून बनलेला असतो. त्यात पाण्याने उलगडणारा दुवाच नसतो. हजारो कार्बन अणूंची ती सलग दोरी पेशीच्या दारातून आत जात नाही आणि बाहेर तिला कापायला विकराला पकड सापडत नाही. या विषयावरचा कोणताही दावा तपासताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: कोणते प्लॅस्टिक?

मानवनिर्मित पदार्थ पचवायला जिवाणू शिकतात, हे नवे नाही. १९७५ मध्ये जपानी संशोधकांना नायलॉनच्या कारखान्याच्या सांडपाण्यात असा जिवाणू सापडला, जो नायलॉन बनवताना उरणाऱ्या छोट्या साखळ्यांवर जगत होता. नायलॉन प्रथम तयार झाले १९३५ मध्ये. म्हणजे निसर्गात कधीच नसलेल्या पदार्थासाठी अवघ्या ४० वर्षांत एका जिवाणूकडे विकर तयार झाले. भारतातले उदाहरण कीटकनाशकाचे आहे. शेतात वर्षानुवर्षे फवारलेल्या एचसीएचचे, म्हणजे लिंडेनच्या कुळातल्या रसायनाचे, तुकडे करणारे जिवाणू भारतीय मातीत सापडले आणि दिल्ली विद्यापीठात रूप लाल यांच्या गटाने त्यांच्या जनुकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. अन्नाची टंचाई असेल आणि समोर कार्बनचा साठा पडलेला असेल, तर सूक्ष्मजीवांच्या अफाट संख्येत कोणीतरी एखादे जुने विकर नव्या कामाला जुंपतो.

प्लॅस्टिकच्या बाबतीत असा ठळक शोध २०१६ चा. जपानमधल्या साकाई शहरात पेट बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राबाहेरून माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा करण्यात आले. शोसुके योशिदा, कोहेई ओदा आणि सहकाऱ्यांना त्यांत एक जिवाणू मिळाला. शहराच्या नावावरून त्याला इडिओनेला साकाइएन्सिस म्हणतात. त्याच्याकडे दोन विकरे आहेत. पेटेज हे पहिले मोठी साखळी कापते आणि एमहेटेज हे दुसरे उरलेल्या तुकड्याचे टेरेफ्थॅलिक आम्ल व एथिलीन ग्लायकॉल करते. हे दोन्ही मूळ कच्चे पदार्थ. त्यांपासून पुन्हा नवे पेट बनवता येते. ३० अंश सेल्सिअसला, म्हणजे साध्या उबदार हवेत, या जिवाणूने पेटची पातळ फीत सुमारे ६ आठवड्यांत जवळपास संपवली.

ही बातमी जगभर पसरली, पण त्या फितीविषयीची एक गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. ती मऊ, विस्कळीत रचनेची होती. तिच्यातला स्फटिकी भाग होता १.९ टक्के. बाजारातली बाटली अशी नसते. गरम केलेल्या छोट्या नळीला साच्यात ताणून आणि फुगवून ती बनवतात. त्या ताणाने साखळ्या एका दिशेला शिस्तीत रचल्या जातात आणि स्फटिकी भाग ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. घट्ट गुंडाळलेल्या सुताच्या गुंडीत सुई शिरत नाही, तशी तिथे विकराला जागा मिळत नाही. साकाईच्या जिवाणूसमोर बाटली तशीच ठेवली तर काम फारच संथ चालते.

पुढची मजल पाचोळ्यातूनच मारली गेली. ओसाकाजवळच्या एक्स्पो पार्कमध्ये पानाफांद्यांच्या कंपोस्ट ढिगातून तिथल्या सगळ्या सूक्ष्मजीवांचे डीएनए एकत्र काढून २०१२ मध्ये एक क्युटिनेज शोधण्यात आले. ते कोणत्या जिवाणूचे, हे माहीत असण्याची गरज पडली नाही. पान कुजवणारे हे विकर पेटही कापत होते आणि कंपोस्टच्या ढिगातले असल्याने उष्णता सोसत होते. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी आणि कार्बिओस या कंपनीने त्यात मोजके बदल केले. २०२० मध्ये त्यांनी दाखवले की ७२ अंश सेल्सिअसला, १० तासांत, किमान ९० टक्के पेटचे मूळ घटक सुटे करता येतात. ७२ अंशांचे महत्त्व असे, की त्या सुमाराला पेटची साखळी शिथिल होते. अर्थात त्याआधी बाटल्या वितळवून, झटकन थंड करून, दळून भुकटी करावी लागते. आम्ल साचत जाते तसे अल्कली घालून ते शमवावे लागते. २०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या गटाने संगणकाच्या मदतीने बदललेले, ५० अंशांना चालणारे आणखी एक विकर मांडले. या सगळ्या प्रक्रियांत जिवंत जिवाणू नाही. त्याचे विकर वेगळे काढून टाकीत वापरले आहे.

किड्यांचीही एक शाखा या विषयाला आहे. मधमाशांच्या पोळ्यात शिरून मेण खाणारा मेणकिडा पॉलिथिनच्या पिशवीला भोके पाडतो, हे फेडेरिका बेर्तोक्कीनी यांनी २०१७ मध्ये मांडले. मेण आणि पॉलिथिन दोन्हींत कार्बनच्या लांब साखळ्या असतात, त्यामुळे कल्पना पटण्यासारखी होती. पण त्याच वर्षी जर्मन रसायनतज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की पिशवीवर अळीचा लगदा चोळून जो पुरावा मिळवला तो लगद्यातल्या प्रथिनांचाही असू शकतो. नंतर २०२२ मध्ये अळीच्या लाळेतली पॉलिथिनला ऑक्सिजन जोडणारी दोन विकरे मांडली गेली. पिशवीला भोक पडणे आणि पिशवीचे रूपांतर अन्नात होणे यांत मोठे अंतर आहे. उंदीरही पिशवी कुरतडतो.

भारतात या दिशेने झालेल्या कामात पुण्याचे नाव आधी घ्यावे लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या मनीषा सांगळे, मोहम्मद शाहनवाज आणि अविनाश आडे यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या १२ ठिकाणांहून तिवराच्या मुळांभोवतीचा गाळ गोळा केला. खाडीच्या तोंडाशी तिवरांच्या मुळ्या चाळणीसारखे काम करतात. भरतीबरोबर आलेल्या पिशव्या तिथे अडकतात आणि वर्षानुवर्षे गाळात राहतात. पॉलिथिनशी इतका जुना शेजार असलेले सूक्ष्मजीव शोधायचे तर याहून योग्य जागा नाही. त्या गाळातून १०९ बुरश्या वेगळ्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अॅस्परजिलस टेरियस या बुरशीने ६० दिवसांत पॉलिथिनच्या पट्टीचे वजन ५० टक्क्यांनी घटवले आणि अॅस्परजिलस सिडोवीने तिची ताणशक्ती ९४ टक्क्यांहून अधिक कमी केली, असे नोंदवले आहे. त्याच वर्षी ग्रेटर नोएडाच्या शिव नाडर विद्यापीठातल्या गटाने आपल्याच परिसरातल्या पाणथळीतून एक्झिगुओबॅक्टेरियमच्या दोन जाती मिळवून त्या पॉलिस्टायरीनवर, म्हणजे थर्माकोलच्या प्लॅस्टिकवर, वाढतात हे दाखवले.

भोपाळमध्ये भौंरी इथल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, विनीत शर्मा यांच्या गटाने वेगळी वाट धरली. माती, पाणी, गाळ यांतल्या असंख्य जिवाणूंचे जनुकीय मजकूर आता उपलब्ध आहेत, पण त्यांतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवताच येत नाहीत. झेनोबग हे या गटाचे संगणकीय साधन एखाद्या प्रदूषक रेणूची रचना पाहून त्याला कापू शकतील अशी विकरे त्या साठ्यातून सुचवते. कीटकनाशके, पेट्रोलियम, औषधे आणि प्लॅस्टिक यांचा त्यात विचार केलेला आहे. ही यादी म्हणजे उमेदवारांची यादी. निवड प्रयोगानेच होते. तरी गवताच्या गंजीत सुई शोधायची तर आधी गंजी लहान करणे, हे मोठेच काम आहे. जागतिक पातळीवर अशाच पद्धतीने २०२१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी माती आणि समुद्राच्या नमुन्यांत प्लॅस्टिक कापू शकतील अशी सुमारे ३० हजार विकरे ओळखली, आणि जिथे प्रदूषण जास्त तिथे ती जास्त आढळतात असे दाखवले.

पुण्याच्या प्रयोगात मिळाले तशा आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. पट्टीचे वजन घटले म्हणजे पॉलिथिन पचले असे दर वेळी नसते. पट्टीत मिसळलेले पदार्थ आधी निघून जातात, छोट्या साखळ्या आधी संपतात, कडा झिजून सूक्ष्म कण पाण्यात जातात. खरी कसोटी कार्बनचा हिशेब. वेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंनी खूण केलेले प्लॅस्टिक वापरावे आणि तो कार्बन जिवाणूच्या शरीरात किंवा बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो का, ते मोजावे. काचेच्या चंबूत, निवडक आम्लतेला, सतत हलत्या द्रवात ६० दिवसांत जे घडते, ते खाडीच्या गाळात किंवा नाल्याच्या काठी त्याच वेगाने घडेल असेही धरता येत नाही. पुण्याच्या प्रयोगाचे मोल यामुळे कमी होत नाही. तिवरांच्या गाळात कोण राहते याची ती नीट केलेली खानेसुमारी आहे.

भानपूरची खंती, म्हणजे कचराभूमी, हा या प्रश्नाचा प्रत्यक्षातला धडा आहे. भोपाळचा कचरा काही दशके या ३७ एकरांवर टाकला जात होता. २०१८ मध्ये तिथे कचरा टाकणे बंद करून तो आदमपूर छावणीला नेण्यास सुरुवात झाली आणि जुन्या ढिगाचे बायोमायनिंग करण्यात आले. या कामाची रीत अशी: जेसीबीने ढीग उकरून लांबट वरंबे करतात, त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारतात, काही आठवडे वरंबे खालीवर करत राहतात. ओला अंश कुजतो, वाफ निघते, वास उतरतो, ढीग खचतो. मग कोरडा माल फिरत्या चाळणीत, म्हणजे ट्रॉमेलमध्ये, घालतात. एका बाजूने मातीसारखी भुकटी पडते, दुसरीकडून दगड-विटा, आणि शेवटी बाहेर येते ती पन्नी: फाटलेली, मातकट, रंग उडालेली, पण पन्नीच. जिवाणूंनी भोवतालचे सगळे खाल्ले आणि तिला सोडले. हा माल गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्ट्यांत जळणासाठी जातो. वर्षानुवर्षे ओल्या, उबदार, जिवाणूंनी भरलेल्या ढिगात राहूनही पॉलिथिनला कोणी खाल्ले नाही, ही भानपूरची साक्ष प्रयोगशाळेतल्या कोणत्याही आकड्याइतकीच वजनदार आहे.

इथेच या साऱ्या प्रश्नातली मुख्य विसंगती दिसते. ज्या प्लॅस्टिकवर जिवाणूंची विकरे खरोखर चालतात ते पेट, आणि पेटची बाटली रस्त्यावर टिकतच नाही. कचरावेचक ती उचलतात, कबाडी ती किलोवर घेतो, पुढे तिचे तंतू होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पाहणीत देशातल्या ९० टक्के पेटचा या ना त्या रूपात पुनर्वापर होतो असे आढळले होते. त्यातला १० टक्के भाग घरातच पाणी-तेल भरायला पुन्हा वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांचा. नाल्यात उरतात त्या पातळ पिशव्या, वेफर-गुटख्याची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या. त्यांना कबाडी हात लावत नाही, कारण वजन भरत नाही. पाकिटात तर प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. या मालावर आजमितीस उपयोगी वेगाने चालणारा जिवाणू जगात कुठेही नाही.

एकूण प्लॅस्टिक कचरा किती आहे? १९५० ते २०१५ या काळात जगात ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनले. त्यातले ६३० कोटी टन कचरा झाले, आणि त्या कचऱ्यापैकी ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, १२ टक्के जाळले गेले, ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०-२१ साठी देशात ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा तयार झाल्याची नोंद केली. लीड्स विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात मात्र भारतात वर्षाला ९३ लाख टन प्लॅस्टिक पर्यावरणात जाते असा अंदाज आहे, आणि त्यातला मोठा वाटा उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचा. हे दोन आकडे जुळत नाहीत, कारण न उचललेला कचरा नोंदीतच येत नाही. जो कचरा कोणी उचलत नाही तो जिवाणूंच्या टाकीपर्यंतही पोहोचत नाही.

म्हणूनच एक मोह निर्माण होतो: टाकी नको, जिवाणूच बाहेर सोडावेत, नाल्यात, तलावात, कचराभूमीवर. धोक्यांचा विचार या पायरीवर गंभीर होतो.

सर्वांत जुनी भीती अशी, की सुटलेला जिवाणू हवे असलेले प्लॅस्टिकही खाईल: पाण्याचे पाइप, विजेच्या तारांची आवरणे, रक्ताच्या पिशव्या. या भीतीला उत्तर लाकडाचे आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरश्या जगात सर्वत्र आहेत, तरी वाड्यातली सागवानी तुळई दीडशे वर्षे टिकते, कारण ती कोरडी असते. जिवाणूला पाणी लागते, नायट्रोजन लागतो, आणि सोपे अन्न शेजारी असेल तर तो अवघड अन्नाच्या वाटेला जात नाही. घरातली कोरडी बादली विरघळेल ही कल्पना रसायनाला धरून नाही. पण ओलसर जागी, सतत संपर्कात असलेले प्लॅस्टिक वेगळे, आणि माणसाचे शरीर ही अशीच ओलसर, उबदार जागा आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये एका रुग्णाच्या जखमेतून घेतलेल्या स्यूडोमोनास एरुजिनोसा जिवाणूत पॅप१ नावाचे विकर दाखवले. शस्त्रक्रियेच्या टाक्यांत आणि रोपणांत वापरल्या जाणाऱ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लॅस्टिकचा ७८ टक्के भाग त्याने ७ दिवसांत तोडला, त्या कार्बनवर तो वाढला, आणि तुकड्यांच्या मदतीने त्याचा चिकट थर अधिक घट्ट झाला. असा थर प्रतिजैविकांना दाद देत नाही. हा जिवाणू कोणी बनवून सोडलेला नव्हता. तो रुग्णालयात आपोआप आला. धोका भविष्यातला आहे असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

दुसरा धोका जनुकांच्या देवाणघेवाणीचा. जिवाणू आपली जनुके वंशजांना देतात तशीच शेजाऱ्यांनाही देतात, बहुधा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यांतून. नाल्याच्या सांडपाण्यात घराघरांतून आणि रुग्णालयांतून आलेले जिवाणू एकत्र असतात. प्रयोगशाळेत बदललेल्या जिवाणूंना ओळख म्हणून अनेकदा प्रतिजैविकाला न जुमानणारे जनुक जोडलेले असते. असा जिवाणू त्या नाल्यात सोडला, तर प्लॅस्टिक कापण्याची क्षमता आणि औषधाला न जुमानण्याची क्षमता एकाच कडीतून दुसऱ्याच्या हाती पडू शकते. यावर उपाय म्हणून जिवाणूत आत्मनाशाची कळ बसवतात; विशिष्ट पदार्थ मिळेनासा झाला की तो मरतो. अशा कळीसाठी अमेरिकेत वापरला जाणारा मापदंड असा, की १० कोटींत एकाहून कमी पेशी निसटाव्यात. ऐकायला हे कडक वाटते. पण दाट वाढवलेल्या जिवाणूंच्या एका मिलिलिटर द्रवात सुमारे १०० कोटी पेशी असतात. मापदंड पाळूनही त्या एका मिलिलिटरमधून, म्हणजे वीसेक थेंबांतून, दहा-एक निसटू शकतात, आणि तलावासाठी लागणारे द्रव हजारो लिटर.

अर्धवट पचनाचा धोका कमी नाट्यमय आहे, पण अधिक निश्चित. पिशवी निम्मी पचली तर उरलेली निम्मी सूक्ष्म कणांच्या रूपात राहते. आधी ती हाताने उचलता येत होती, आता येत नाही. शिवाय प्लॅस्टिक कधीच नुसते प्लॅस्टिक नसते. पीव्हीसी मऊ करणारी थॅलेट्स, स्थिर ठेवणारी शिशाची संयुगे, पेट बनवताना वापरलेले अँटिमनी, आग न लागू देणारी ब्रोमिनची रसायने साखळ्यांच्या जाळ्यात अडकलेली असतात. जाळे तुटले की ती पाण्यात येतात. भोपाळचा बडा तालाब हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा स्रोत आणि २००२ पासून भोज पाणथळ म्हणून रामसर यादीत नोंदलेला. अशा पाण्यात साखळ्या तोडण्याचे काम सुरू करण्यापूर्वी त्या तुटल्यावर काय सुटेल, याची यादी हातात असली पाहिजे.

आणि पूर्ण पचन झाले तरी हिशेब संपत नाही. एक किलो पॉलिथिन संपूर्ण पचले, म्हणजे त्यातला सगळा कार्बन श्वसनातून बाहेर पडला, तर ३ किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, जाळल्यावर होतो तेवढाच. जमिनीत गाडलेले प्लॅस्टिक निदान तो कार्बन धरून ठेवते. पेटच्या टाकीत मात्र मूळ घटक परत मिळतात, कार्बन हवेत जात नाही. खाऊन संपवणे आणि सुटे करून परत वापरणे हे दोन वेगळे उद्देश आहेत, आणि दुसरा अधिक शहाणपणाचा.

तेलाच्या तवंगांचा इतिहास इथे उपयोगी पडतो. भारतात जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चार प्लाझ्मिड एकत्र आणून तेलाचे अनेक घटक खाणारा स्यूडोमोनास तयार केला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यावरील पेटंट मान्य केले. सजीवाच्या पेटंटचा तो पायाभूत निकाल. तो जिवाणू मात्र कोणत्याही तवंगावर कधी सोडला गेला नाही. भारतात टेरी या संस्थेने तयार केलेले ऑइलझॅपर हे निसर्गातच सापडलेल्या जिवाणूंचे मिश्रण तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या तेलकट गाळावर वापरले गेले, आणि ते यशस्वी ठरले, कारण तेलाचे रेणू छोटे असतात आणि निसर्गाला त्यांची जुनी ओळख आहे.

भारतातला कायदा या प्रश्नावर गप्प नाही, आणि त्या कायद्याची मुळे भोपाळातच आहेत. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्याच कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी घातक सूक्ष्मजीव आणि जनुकबदल केलेले जीव यांच्या निर्मिती, वापर, आयात, निर्यात व साठवणुकीचे नियम अधिसूचित झाले. प्रयोग होणाऱ्या संस्थेतली जैवसुरक्षा समिती, तिच्यावर देखरेख समिती, आणि पर्यावरणात सोडण्याच्या परवानगीसाठी केंद्रातली जीईएसी ही समिती, अशी ही उतरंड. जिल्हा पातळीवरच्या समितीचीही त्यात तरतूद आहे. ही चाळणी यादीतल्या घातक जीवांसाठी आणि जनुकबदल केलेल्या जीवांसाठी. निसर्गातून उचललेल्या जिवाणूंची द्रावणे कचराभूमीसाठी किंवा नाल्यासाठी विकली जातात, तेव्हा त्यांत नेमके कोण आहे आणि ते कोणते प्लॅस्टिक किती पचवते याचा कार्बनचा हिशेब विकणाऱ्याकडे मागण्याचा अधिकार नगरपालिकेने वापरला पाहिजे. भोपाळने न विचारलेल्या प्रश्नांची किंमत मोजली आहे. कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडावा लागला.

'जैवविघटनशील' या छापाचाही गैरफायदा होतो. पिशवीवर हिरवे पान छापले की ती कुठेही फेकायला हरकत नाही, असा समज होतो. मार्च २०२४ मध्ये प्लॅस्टिक कचरा नियमांत दुरुस्ती होऊन जैवविघटनशील प्लॅस्टिकच्या व्याख्येत सूक्ष्म प्लॅस्टिक मागे राहता कामा नये ही अट आली. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे. पन्नीच्या बाबतीत आज ज्याचा उपयोग खात्रीने सांगता येतो, तो उपाय हाच: ती बनू न देणे, आणि बनलेली ओल्या कचऱ्यात मिसळण्याआधी वेगळी करणे.

विकरांना खरे काम आहे ते कपड्यांत. पॉलिस्टरच्या साड्या, शाळेचे गणवेश, शर्टपीस यांचा आधार धागाही पेटचाच, पण जुना कपडा बाटलीसारखा वितळवता येत नाही. त्यात सूत मिसळलेले असते, रंग असतो, बटणे असतात. बोहारणीच्या गाठोड्यात गेलेला पॉलिस्टर फाटेपर्यंत वापरला जातो आणि मग पायपुसणे होऊन कचऱ्यात येतो. विकर निवडक असते. सुती धाग्याला न शिवता ते एस्टरचा दुवा शोधून कापते, आणि यंत्राला जे जमत नाही ते इथे साधते: मिश्र कापडातून पॉलिस्टरचे मूळ घटक वेगळे निघतात. कार्बिओसने कापडापासून पुन्हा कापडाचा धागा काढून दाखवला आहे. एडिनबरो विद्यापीठाच्या गटाने तर २०२५ मध्ये बाटलीपासून मिळवलेल्या घटकाचे, बदललेल्या ई. कोलाय जिवाणूकरवी, पॅरासिटामॉल केले. ही सारी कामे बंद टाकीत होतात. काम झाल्यावर द्रव तापवून जिवाणू मारता येतात आणि बाहेर काय गेले ते मोजता येते. त्यासाठी लागतो तो एकाच जातीचा, वेगळा केलेला, स्वच्छ माल, आणि तो गोळा करणारी माणसे.